पत्रपेटीची किल्ली

२४ नोव्हेंबर, सांगली

आज पूर्ण वाचन झालं. नाटक इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस', अनुवाद आमच्या सरांचा. रूपांतर करायचं नाही हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. घर नॉर्वेतच राहील, नोरा नोराच राहील, नवरा टोर्वाल्ड हेल्मर, मैत्रीण क्रिस्तीने, डॉक्टर रांक, सावकारी करणारा क्रोग्स्टाड, सगळे आपापल्या नावाने वावरतील आणि नाताळ हा नाताळच असेल. मराठी रंगभूमीने हे घर आपलं करून घेतलं त्याला ऐंशी वर्षं उलटून गेली. अनंत काणेकरांचं 'घरकुल' १९४१ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी रांगणेकरांच्या 'कुलवधू'त ज्योत्स्नाबाई भोळे भानुमती झाल्या. त्या काळाला रूपांतराची गरज होती. आज मूळ घरात शिरून त्याची दारं, त्याची शेगडी, त्याची माणसं बघण्याइतका आपला प्रेक्षक तयार आहे, असं सरांचं म्हणणं. माझंही तेच.

प्रॉपर्टी माझ्याकडे आहे. वाचन चालू असताना मी संहितेत प्रत्येक वस्तूखाली पेन्सिलीने रेघ ओढत होते. पडदा उघडल्यावर थोड्या वेळातच झाड येतं, पाकिटं येतात, हमालाला दिलेलं नाणं येतं, खिशातला खाऊ येतो. यातली एकही गोष्ट नुसती शोभेला आलेली नाही.

चहाला थांबलो तेव्हा क्रोग्स्टाड करणाऱ्या मुलाने विचारलं, "काकू, ते ख्रिसमसचं झाड नेमकं कशाचं प्रतीक?" परीक्षेला असंच लिहायला शिकवतात. वस्तू एका बाजूला, अर्थ दुसऱ्या बाजूला, मध्ये बरोबरचं चिन्ह. मी म्हटलं, आधी बघ, ते झाड कोण लपवायला सांगतं, कोण सजवतं, आणि कोण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. अर्थ काढायची घाई नको, आधी माणूस कळू दे. त्याला किती पटलं ते दिसेलच, पण माझी या नाटकावर अशीच श्रद्धा आहे. वस्तू बोलत नाहीत. त्यांच्याशी माणूस कसा वागतो, कोण समोर असताना कसा आणि एकटा असताना कसा, त्यातून तो उघडा पडतो.

२८ नोव्हेंबर

मॅकरूनचा प्रवेश बसवला. ओळखीच्या बेकरीतून बदामाचे छोटे मॅकरून करून आणलेत. तोंडात पटकन विरघळले पाहिजेत, नाहीतर पुढचं वाक्य अडकतं.

प्रवेश बोलायला जवळजवळ काहीच नसलेला. नोरा बाजारातून येते, खिशातून पुडी काढते, एकदोन तोंडात टाकते आणि चवड्यांवर चालत नवऱ्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन कानोसा घेते. आतून हाक येताच पुडी खिशात जाते, ओठ पुसले जातात. नोरा करणाऱ्या मुलीने आज हे फार लाडिक केलं. मान वेळावली, डोळे मिचकावले. सरांनी लगेच थांबवलं. ही तीन मुलांची आई आहे, लग्नाला आठ वर्षं झालीत. ओठ पुसणं ही तिची गंमत नाही, हा रोजचा हात आहे. दार उघडायच्या आत तोंड स्वच्छ असलं पाहिजे, हे त्या हाताला पाठ झालंय.

नवऱ्याने मॅकरून बंद केलेत, का, तर तिचे दात किडतील. तो बोट नाचवत लाडालाडात उलटतपासणी घेतो आणि ती प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणते. दोघांनाही हा खेळ वाटतो. पण थोड्या वेळाने डॉक्टर रांक पुडी बघून म्हणतो की या घरात तर हे वर्ज्य आहे ना, तेव्हा ती क्षणात क्रिस्तीनेचं नाव सांगते, तिने आणलेत म्हणून. क्रिस्तीने समोरच बसलेली. ती दचकते, तर नोरा तिच्याही तोंडात एक कोंबते. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी जिला इतकं तयार खोटं बोलता येतं, तिने कुठल्यातरी मोठ्या गोष्टीसाठी याआधी खोटं पचवलं असणार, हे प्रेक्षकाला कर्जाची हकिगत संपूर्ण कळण्याआधीच जाणवायला लागतं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी, सगळं बुडणार हे कळल्यावर, तीच नोरा नवऱ्यादेखत मोलकरणीला जेवणात मॅकरून ठेवायला सांगते आणि भरपूर सांगते. खाऊ तोच. आधी खिशात, मग मैत्रिणीच्या नावावर, मग उघड. आमच्या मुलीला मी हे तीन टप्पे लिहून दिलेत.

३ डिसेंबर

भेटवस्तूंची पाकिटं बांधली. इव्हारला तलवार, बॉबला घोडा आणि तुतारी, एम्मीला बाहुली आणि बाहुलीची खाट. एम्मीची वस्तू साधीच, कारण ती लगेच मोडूनच टाकते, असं नोरा म्हणते. म्हाताऱ्या दाईला खरं तर यापेक्षा पुष्कळ द्यायला हवं होतं, असंही म्हणते. बाहुलीघर हा शब्द नाटकात फार उशिरा येतो, पण पुढच्या पिढीच्या मुलीला बाहुली आणि मुलग्यांना तलवार ही वाटणी आईच्याच हाताने पहिल्या पाच मिनिटांत झालेली असते. सर या वाक्यांवरून घाईने पुढे जातात. मला तिथे थोडं थांबायला हवंय. पाकिटं एकेक करून टेबलावर ठेवली तर नोराला तेवढा वेळ मिळेल. उद्या बोलून बघते.

६ डिसेंबर

या नाटकात माझा सगळ्यात जीव कशावर असेल तर रंगमंचावर कधीच न येणाऱ्या कागदी फुलांवर.

पहिल्या अंकात टोर्वाल्ड गेल्या नाताळची आठवण काढतो. नोरा तीन आठवडे रोज संध्याकाळी खोली बंद करून झाडासाठी फुलं आणि कायकाय सजावट करत बसायची. त्याला ते दिवस विलक्षण कंटाळवाणे गेले. आणि एवढं करून हाती काय, तर फारसं काहीच नाही. नोरा म्हणते, मांजराने आत शिरून सगळं फाडून टाकलं त्याला मी काय करणार. तो तिची समजूत घालतो, तुझा हेतू तर चांगला होता ना, म्हणून. प्रेक्षक हसतो आणि पुढे जातो.

काही पानांनंतर नोरा क्रिस्तीनेजवळ मन मोकळं करते. नवऱ्याचा जीव वाचवायला काढलेलं कर्ज ती गुपचूप फेडतेय. कपड्यांच्या पैशांतून वाचवायचं, मिळेल ते काम करायचं. गेल्या हिवाळ्यात तिला नकला करायचं पुष्कळ काम मिळालं होतं. दार लावून रात्री उशिरापर्यंत ती लिहीत बसायची. थकून जायची, पण स्वतः कमावतोय याचा एक वेगळाच आनंद होता, जवळजवळ पुरुष असल्यासारखा.

इब्सेन ही दोन टोकं जोडून दाखवत नाही. तो प्रेक्षकावर सोडतो. बंद दार एकच आहे, हिवाळा एकच आहे. फुलं बहुधा झालीच नव्हती. मांजराने फाडण्यासारखं त्या खोलीत काही असेल तर ते शाईने भरलेले कागद.

आता बघा, झाडाचा अर्थ विचारणाऱ्याला यात काय मिळतं. नवऱ्याच्या लेखी नोरा ही वेळ वाया घालवणारी, हातून काही धड न होणारी, तरी गोड अशी बायको आहे. आणि हे त्याचं मत तिनेच जपलंय. स्वतःच्या मेहनतीवर तिने वेंधळेपणाचं पांघरूण घातलंय. मांजराची ती थाप मारताना तिच्या चेहऱ्यावर काय असावं, यावर आज तालमीत खूप वेळ गेला. मुलीने शेवटी डोळे खाली घातले आणि हात मात्र पाकिटाची दोरी सोडवत राहिले. सर काही बोलले नाहीत, वहीत टीप घेतली. मला वाटतं मिळालं.

पुढे क्रोग्स्टाड धमकी देऊन गेल्यावर ती एकटीच झाड सजवायला घेते. इथे मेणबत्ती, तिथे फूल, आणि मधूनमधून त्या माणसाला शिव्या. तेवढ्यात टोर्वाल्ड येतो आणि खोटं बोलणाऱ्या आईमुळे सगळं घर कसं विषारी होतं ते तिला समजावून सांगतो. ती सजवत राहते. पुढचा अंक उघडतो तेव्हा झाड पियानोजवळच्या कोपऱ्यात, ओरबाडलेलं, मेणबत्त्या जळून थोटकं उरलेली. त्याच्याकडे कोणी बोटही दाखवत नाही. सणाची रात्र या घरात कशी गेली असेल ते त्या झाडाने सांगायचंय, म्हणून दोन झाडं करायची ठरली. एकच झाड मध्यंतरात उतरवायला गेलो तर थोटकं खरी वाटणार नाहीत.

१० डिसेंबर

आज तालीम नव्हती. सर आणि त्यांच्या पत्नी घरी आले होते. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'वर बोलणं निघालं. १९८५ मध्ये विजयाबाई मेहतांनी केलेला प्रयोग सरांनी तरुणपणी पाहिलेला. विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्यात अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे. सर म्हणाले, ट्रॅक्टरवर सगळे लिहितात, मला मात्र वहिनीचे दागिने विसरता येत नाहीत.

खरं आहे. त्या घरात सोनं म्हणजे वाटणी, अब्रू, तेरवीचा खर्च, नणंदेचं अडलेलं शिक्षण. प्रत्येकाची त्यावर नजर. आणि जन्मभर राबलेली थोरली सून एका रात्री ते सगळं अंगावर चढवते. तिला काही मागायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. नवरा बघतो तो एका वेगळ्याच बाईला. पुढे ते सोनं घरातून जातं ते तिच्याच मुलीच्या, रंजूच्या हातून, शिकवणीच्या मास्तराच्या नादाने. एकच पेटी, पण वहिनीच्या अंगावर तिचं वजन निराळं आणि रंजूच्या हातात निराळं. ट्रॅक्टर घराबद्दल सांगतो. सोनं माणसांबद्दल सांगतं. मला दुसरं अधिक अवघड वाटतं लिहायला.

१४ डिसेंबर

पत्रपेटी आली. सुताराने प्लायची केलीय आणि पुढच्या बाजूला काच बसवलीय. काचेशिवाय ही पेटी निरुपयोगी. कर्जाचं सगळं उघड करणारं क्रोग्स्टाडचं पत्र आत पडल्याचा आवाज येतो, जिना उतरणारी पावलं ऐकू येतात, आणि मग नोरा क्रिस्तीनेला ते पत्र काचेतून दाखवते. क्रिस्तीने व्यवहारी बाई, ती लगेच किल्ली विचारते. किल्ली टोर्वाल्डकडे. नेहमी त्याच्याचकडे असते.

आता शेवटाकडे बघू. जाताना नोरा घराच्या किल्ल्या काढून ठेवते. म्हणजे आठ वर्षं त्या तिच्याकडेच होत्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेली बाई घरची मालकीण, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हेल्मरच्या घरातही बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटलं असतं. फक्त जिच्यातून बाहेरचं जग या घरात येतं त्या पेटीची किल्ली तिच्याकडे नाही. टोर्वाल्डला बायकोवर संशय नाही, तो जुलमीही नाही. त्याला ही व्यवस्था इतकी स्वाभाविक वाटते की त्याने ती कधी योजलेलीसुद्धा नसेल. त्याचा स्वभाव मला त्याच्या लांबलचक भाषणांपेक्षा या एका किल्लीत जास्त स्पष्ट दिसतो.

तिसऱ्या अंकात तो पेटी उघडायला जातो तर कुलूप अडतं. कुणीतरी खटपट केलीय. पहिला संशय मोलकरणींवर. मग आत तुटलेला केसांचा आकडा मिळतो आणि तो ओळखतो, हा नोराचा. ती चटकन म्हणते, मुलांनी केलं असेल. तो म्हणतो, त्यांची ही खोड मोडायला हवी. आणि विषय संपतो.

दिव्यांचं काम बघणारा मुलगा हुशार आहे. त्याचं म्हणणं, तिसऱ्या अंकाआधी काळोखात एक बारीक झोत टाकून नोरा आकड्याने कुलूप उघडायचा प्रयत्न करतेय हे दाखवू या, प्रेक्षकांना समजेल. मी जोरात विरोध केला. इब्सेनने ते दाखवलेलं नाही आणि त्यातच सगळं आहे. आपण नोराला नाचताना बघितलंय, हसताना, गयावया करताना बघितलंय. त्या कुलपाशी तिने काय केलं ते बघितलेलं नाही. ते आपल्याला कळतं नवऱ्याच्या बोटांत धरलेल्या तुकड्यावरून, आणि त्याच क्षणी आपण त्याच्याकडेही बघत असतो. पुरावा हातात आहे, मालकीण ओळखली आहे, तरी ही बाई कुलूप उचकटू शकते हे त्याच्या मनाला शिवत नाही. आणि नोरा? नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून जी बर्फाच्या पाण्यात जीव द्यायला निघालीय, तिच्या तोंडून त्या घाईत मुलांचं नाव येतं. मॅकरून मैत्रिणीच्या नावावर, आकडा मुलांच्या नावावर. इतका मोठा त्याग आणि इतकी बारीक, सरावाची लबाडी एकाच बाईत एकाच मिनिटात राहतात. असं पात्र लिहिणाऱ्याला माझा दंडवत.

सरांनी झोताची कल्पना सोडली. आकडा मात्र शेवटच्या रांगेतून दिसणार नाही, म्हणून टोर्वाल्डने तो दिव्याजवळ नेऊन बघायचा असं ठरलं.

१८ डिसेंबर

रेशमी मोजे आणि दिवा. प्रवेश नाजूक, मुलगी बिचकत होती. संधिप्रकाश आहे, डॉक्टर रांक मरणाच्या वाटेवर आहे, नोराला त्याच्याकडे मदत मागायचीय. नाचासाठी आणलेले मोजे ती त्याला दाखवते, आधी पाऊलच बघा म्हणते, मग पुढचंही, आणि मोज्यांनीच त्याच्या कानावर हलकी चापट मारते. आपलं काय चाललंय ते तिला कळतं आणि कळतही नाही. मग तो सरळ सांगतो की त्याचं तिच्यावर प्रेम आहे. ती उठते आणि मोलकरणीला दिवा आणायला सांगते.

मदत आता मागितली असती तर लगेच मिळाली असती. ती मागत नाही. उजेडात विचारते, आता लाज वाटत नाही का. खाऊसाठी खोटं बोलणारी बाई, कर्जासाठी बापाची खोटी सही करणारी बाई, पण कुणाचं प्रेम उघड बोलून झाल्यावर त्याचा फायदा घ्यायचा नाही, ही तिची रेषा आहे. दिवा आणणारी हेलेने करणारी मुलगी नवीन आहे. तिला मी सांगितलं, तू फक्त दिवा ठेवायला येत नाहीस, तू येईपर्यंत नोराने एक मोठा निर्णय घेतलेला असतो. तेव्हापासून ती फार सावकाश पावलं टाकत येते, ते छान वाटतं.

२१ डिसेंबर

१८७९ साली याच तारखेला कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. पुस्तक ४ डिसेंबरलाच बाजारात आलं होतं. नोरा झाली होती बेटी हेनिंग्स. ती मुळात बॅले शिकलेली. इब्सेन त्या वर्षी इटलीत होता, नाटकाचा बराच भाग त्याने अमाल्फीला लिहिला.

आज तालमीआधी सरांनी मुलांना लॉरा कीलरची हकिगत सांगितली. ती लेखिका, इब्सेनच्या ओळखीची. नवऱ्याच्या क्षयावर उपाय म्हणून तिने त्याच्या नकळत कर्ज काढलं, इटलीला नेलं, तो बरा झाला. प्रकरण उघडकीला आल्यावर त्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. मुलं गप्प झाली. टोर्वाल्ड करणाऱ्या आमच्या दादांनी तेव्हापासून भूमिकेतला हसरेपणा कमी केलाय, पण तो कमी व्हायला नको असं मला वाटतं. टोर्वाल्ड प्रेमळ दिसलाच पाहिजे.

जर्मनीतला बदललेला शेवटही निघाला. १८८० मध्ये तिथल्या नोराने, हेडविग नीमान-राबेने, मी माझ्या मुलांना टाकून गेले नसते म्हणून मूळ शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कुणी नाटकाची मोडतोड करण्यापेक्षा इब्सेनने स्वतःच शेवट बदलून दिला, अत्यंत नाखुशीने. त्यात टोर्वाल्ड तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. दार बदललं आणि बाई दुसरीच झाली.

२७ डिसेंबर

नाचाचा पोशाख शिवून आला. नेपल्सच्या कोळिणीचा, लाल घागरा, वर रंगीत ॲप्रन. याच्या मागचा इतिहास मुलीला आधी माहीत असणं आवश्यक होतं, म्हणून आज बसून संहितेतून काढला.

टोर्वाल्ड आजारी, इटलीला नेला नाही तर जगणार नाही. नोरा क्रोग्स्टाडकडून ४,८०० क्रोनर काढते, बापाची सही स्वतः करते. सहीखाली तारीख २ ऑक्टोबर, आणि बाप वारला २९ सप्टेंबरला. त्या पैशावर ते इटलीला जातात, तो बरा होतो, काप्रीला ती तारांतेला नाच शिकते आणि तो तिला तिथेच हा पोशाख शिवून देतो. म्हणजे ज्या गुन्ह्याने घर बुडणार, त्याचीच ही आठवण. हे माहीत नसलेला नवरा वरच्या मजल्यावरच्या मेजवानीत तिला हौसेने तोच पोशाख घालायला लावतो. दाई तो खोक्यातून काढून आणते तेव्हा नोराला त्याच्या चिंध्या कराव्याशा वाटतात. तो फाटलाय, आणि शिवायला बसते क्रिस्तीने, म्हणजे कर्जाचं गुपित जिला सांगितलंय ती मैत्रीणच.

नाचाच्या वेळी मुलीचे केस सुटतात, ते ती सावरत नाही. तिला पत्राच्या पेटीकडे नवऱ्याला जाऊ द्यायचं नाही, तेवढंच तिला दिसतंय. नाच बसवणाऱ्या ताईंनी पायांचा ताल मुद्दाम पियानोच्या पुढे पळवलाय. मला छातीत धडधडलं बघताना.

तिसऱ्या अंकात पोशाखावर मोठी काळी शाल येते. नवरा आत पत्र वाचायला जातो तेव्हा ती त्याचाच काळा झगा अंगावर ओढते, शाल डोक्यावरून घेते आणि मरायला निघते. आणि सगळं फुटून गेल्यावर, त्याने क्षमा केल्यावर, आत जाऊन ती रोजच्या साध्या कपड्यांत परत येते. त्या साध्या कपड्यांचा रंग ठरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. राखाडी निळा घेतला. झोपायला निघालेली नव्हे, बाहेर पडायला निघालेली दिसली पाहिजे.

२ जानेवारी

टोर्वाल्ड वस्तूंना हात लावतो तेव्हा तो नेहमी मालक असतो किंवा परीक्षक असतो. आज हे विणकामाच्या जागी लख्ख दिसलं.

मेजवानीहून आल्यावर तो शॅम्पेनच्या तारेत आहे. क्रिस्तीने आपलं विणकाम विसरून निघालेली, तो ते हातात देतो आणि म्हणतो, विणण्यापेक्षा भरतकाम करत जा, ते जास्त सुंदर दिसतं. करून दाखवतो. डाव्या हातात कापड धरायचं, उजव्या हाताने सुई लांब, डौलदार फिरवायची. विणताना मात्र कोपर अंगाला चिकटतात, सुया खालीवर होतात, ते कुरूप. क्रिस्तीने विधवा आहे, नवऱ्यामागे आई आणि भाऊ सांभाळण्यासाठी वर्षानुवर्षं राबलीय. तिच्यासाठी विणणं म्हणजे लोकर आणि ऊब. त्याच्यासाठी बाईचे हात कसे दिसतात एवढाच प्रश्न.

दादांनी ते फार सुंदर केलं, अगदी मनापासून, शिकवण्याच्या उत्साहाने. प्रेक्षक हसतील आणि हसता हसता त्यांना हा माणूस कळेल. क्रिस्तीने करणाऱ्या बाई खऱ्या विणणाऱ्या आहेत. त्यांनी विणकाम हातात घेऊन फक्त सुया एकत्र केल्या आणि निघाल्या. काही बोलल्या नाहीत, संहितेतही त्यांना तिथे फारसं काही नाही.

मग रांकची दोन कार्डं, नावावर काळी फुली. नोराला अर्थ माहीत आहे, टोर्वाल्डला नाही. समजल्यावर त्याला वाईट वाटतं ते असं की मित्राचं दुःख हे आपल्या सुखाच्या चित्रामागचं ढगाळ आभाळ होतं. इथेही परीक्षकच.

७ जानेवारी

रंगीत तालीम परवावर आली. शेवटाच्या जिनसा आज पक्क्या केल्या.

क्रमाकडे मी सगळ्यांचं लक्ष वेधलं. क्रोग्स्टाडने परत पाठवलेला कर्जरोखा टोर्वाल्ड फाडून शेगडीत टाकतो आणि जळताना बघतो. आपली सुटका झाली असं त्याला वाटतं. त्यानंतर नोरा घड्याळ बघते, अजून फार उशीर झालेला नाही म्हणते आणि त्याला टेबलाशी समोर बसवते. आठ वर्षांत ही दोघं पहिल्यांदा समोरासमोर बसून बोलतात. मग अंगठ्या. ती आपली देते आणि त्याची परत मागते. दुसरं मागणं साधं नाही. नुसती आपली काढून दिली असती तर ती रागावून गेलेली बायको झाली असती. त्याचीही मागून घेते, म्हणजे त्याला मोकळं करते. मग किल्ल्या, आणि मोलकरणींना घरातलं सगळं माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, असं सांगणं. माहेरून आणलेलं सामान उद्या क्रिस्तीने येऊन बांधेल. पत्र लिहू का, नको. काही पाठवू का, नको.

मुलीने विचारलं, "काकू, माझ्या बॅगेत काय असेल?" आज रात्री क्रिस्तीनेकडे मुक्काम आणि उद्या आपल्या जुन्या गावी, एवढंच तिने ठरवलंय. म्हणून मी बॅगेत खरंच एका रात्रीचे कपडे आणि फणी भरली. रिकामी बॅग उचलणारा हात लगेच ओळखू येतो.

राहिलं दार. मूळ सूचना नीट वाचली तर आवाज खालून यायला हवा, इमारतीच्या रस्त्यावरच्या दरवाज्याचा. नोरा दिवाणखान्याच्या दारातून जाते, टोर्वाल्ड तोंड हातात घेऊन बसतो, नाव घेऊन हाक मारतो, आजूबाजूला बघतो, आणि त्याच्या मनात एक आशा उजळते. मग खाली दरवाजा बंद होतो. मधला तेवढा अवकाश सगळ्यात मोलाचा आहे, कारण तेवढ्यात ती जिना उतरतेय आणि त्याला ते माहीत नाही. विंगेतल्या फ्लॅटचं दार आपटून हे साधणार नाही. दादांना सांगितलंय, आवाज झाल्यावर दाराकडे बघायचं नाही, तुम्ही अजून त्या आशेतच असता. त्यांनी दोनदा करून पाहिलं आणि मान हलवली. उद्या सकाळी गणपती पेठेतल्या एका जुन्या वखारीच्या दरवाज्याचा आवाज ध्वनीवाल्या मुलाबरोबर टिपायला जायचंय. मालकांनी आठच्या आत या म्हटलंय, नंतर मालाच्या गाड्या लागतात.